डिस्क चांगली, मदरबोर्ड चांगला, तरी पीसी बूट का होत नाही?

जुन्या लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी टाकली, किंवा विंडोज ११ पाहिजे म्हणून बायोसमध्ये जाऊन एकदोन सेटिंग बदलली, आणि पुढच्या वेळी बटण दाबलं तर काळ्या स्क्रीनवर एकच पांढरी ओळ, "नो बूटेबल डिव्हाइस". यावर दुकानात मिळणारं उत्तर ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारायला लागेल", आणि दुकानदार जास्तच घाईत असेल तर "डिस्क गेली". बऱ्याचदा दोन्हीपैकी काहीच झालेलं नसतं. डिस्क ठणठणीत असते, बोर्डही ठणठणीत असतो, फक्त बोर्डातलं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरून दिलेलं सॉफ्टवेअर, डिस्कवर जे ज्या जागी शोधतंय ते तिथे नसतं, किंवा तिथे असूनही त्याला वाचता येत नाही. हे नेमकं कुठे अडलंय ते ओळखता आलं तर फॉरमॅट न मारता मशीन चालू होतं, आणि ओळखणं वाटतं तितकं अवघड नाहीये.

आधी क्रम बघू, कारण सगळं निदान त्यावरच आहे. बटण दाबलं की सगळ्यात पहिले चालू होतं ते मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधलं सॉफ्टवेअर, ज्याला आपण सगळे सवयीने बायोस म्हणतो, जरी गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनमध्ये ते खरं तर यूईएफआय असतं. ते रॅम, कीबोर्ड, ग्राफिक्स तपासतं आणि मग एकेका पोर्टवर विचारत जातं की इथे कोण आहे, साइज किती. डिस्क स्वतःचं नाव आणि साइज सांगते, आणि हे सांगणारं असतं डिस्कच्या आतलं तिचं स्वतःचं वेगळं फर्मवेअर, म्हणजे इथे दोन फर्मवेअर एकमेकांशी बोलतायत हे डोक्यात ठेवा. मग बोर्ड ठरवतो कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं, तिथला एक छोटा प्रोग्राम उचलतो, तो प्रोग्राम विंडोज किंवा लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, मेमरीत आणतो, आणि कर्नल एकदा उभा राहिला की तो बोर्डाच्या फर्मवेअरला बाजूला सारून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्कशी थेट बोलायला लागतो.

म्हणजे अडकायच्या जागा मोजक्याच आहेत. एक तर डिस्क बोर्डाला दिसतच नाहीये, किंवा दिसतेय पण तिच्यावरून सुरू कसं करायचं ते बोर्डाला कळत नाहीये, किंवा सुरुवात झाली आणि कर्नलला पुढे डिस्क सापडली नाही. "नो बूटेबल डिव्हाइस", "ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड", "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" ही वाक्यं बोर्डाच्या बाजूची आहेत, विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. पण निळी स्क्रीन येऊन "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असं लिहून आलं तर ते विंडोज स्वतः बोलतंय, म्हणजे बोर्डाने डिस्क व्यवस्थित वाचली, विंडोजचा कर्नल त्याच डिस्कवरून उचलून मेमरीत आणला, आणि त्यानंतर गडबड झाली. दोन्हीत "डिव्हाइस" शब्द आहे म्हणून लोक एकच समजतात आणि एकाचे उपाय दुसऱ्याला करत बसतात.

काहीही हात लावायच्या आधी दोन कामं. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण काय होतं आणि काय बदललं हे अर्ध्या तासाने कोणाच्याच लक्षात राहत नाही. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच बूट प्रोग्राम चालू देणारं बायोसचं सेटिंग) बंद-चालू केलं किंवा बायोस अपडेट केलं की विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर मात्र डेटा खरोखरच गेला, मग कितीही नावाजलेला दुकानदार असू दे. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये हे एनक्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप चालू झालेलं असतं, त्यामुळे "मी तर कधी लावलंच नाही" यावर जाऊ नका.

आता सध्याचा सगळ्यात कॉमन किस्सा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे बरेच लोक ११ कडे निघालेत, आणि ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप लागते. मग कोणीतरी सांगतं की बायोसमध्ये जा आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग, बंद कर. मला असा मेसेज आला की पहिली ओळ जवळपास तीच असते, "दादा, सीएसएम डिसेबल केलं आणि पीसी बोंबलला". तर काही बोंबललेलं नसतं, सीएसएम परत चालू करा, पीसी होता तसा चालू होतो. झालेलं काय ते समजून घ्या.

जुन्या बायोसची डिस्क सुरू करायची पद्धत एकदम साधी होती. डिस्कवरचा पहिला सेक्टर, म्हणजे साठवणीचा पहिला छोटा तुकडा, वाचायचा, तो असतो ५१२ बाइटचा, त्यात ४४६ बाइट सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, मग ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनच्या नोंदी, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे ५५ आणि एए ही खूण. खूण दिसली की तो प्रोग्राम चालवायचा, नाही दिसली तर ही डिस्क बूटची नाही. बस, एवढंच. याला एमबीआर म्हणतात आणि हे १९८३ पासून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलंय. यूईएफआय मात्र त्या पहिल्या सेक्टरातल्या प्रोग्रामकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला फॅट३२ मधलं एक छोटं पार्टिशन पाहिजे असतं, ईएफआय सिस्टम पार्टिशन, आणि त्यात ठरलेल्या फोल्डरमध्ये ईएफआय एक्स्टेन्शनची फाइल. डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता पण नवीन, जीपीटी, ज्यात साधारण १२८ पार्टिशनची सोय असते आणि तक्त्याची एक जादा कॉपी डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. सीएसएम म्हणजे यूईएफआयमध्ये जुन्या पद्धतीचं नाटक करणारा एक भाग. तुमचं विंडोज जर एमबीआरवर टाकलेलं असेल आणि तुम्ही सीएसएम बंद केलं, तर त्या बोर्डाला डिस्क दिसते, नाव दिसतं, साइज दिसते, फक्त बूटच्या यादीत ती येत नाही. लोकांना नेमकं हेच चक्रावतं, की बायोसमध्ये दिसतेय मग घेत का नाही.

उपाय फॉरमॅट नाहीये. सीएसएम चालू करून विंडोजमध्ये या, सिस्टम इन्फर्मेशन उघडा, तिथे बायोस मोडसमोर लेगसी लिहिलंय का बघा. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट चालू करून लिस्ट डिस्क टाइप करा, उजवीकडे शेवटच्या जीपीटी नावाच्या रकान्यात चांदणी असेल तर डिस्क जीपीटी, रिकामं असेल तर एमबीआर. (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, इथे मी उच्चार लिहितोय.) एमबीआर असेल तर विंडोज १० च्या २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आतच आलेलं आहे, आणि ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं, ईएफआय पार्टिशन पण स्वतः तयार करतं. आधी स्लॅश व्हॅलिडेट लावून नुसती तपासणी करायची, चालू विंडोजमधून करत असाल तर सोबत स्लॅश अलाउफुलओएस पण लावायचं, तपासणी पास झाली की व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. आणि बॅकअप घेऊनच, डेटा न पुसणारं टूल असलं तरी मधेच लाइट गेली तर टूल काय करणार.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. असेंबल्ड पीसी देताना दुकानदार सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देतात, आणि त्यातले मागचे बहुतेक वेळा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या (अनेक ड्राइव्ह पोटात घेणाऱ्या एका मोठ्या पार्टिशनच्या) आत असतात किंवा सिस्टम रिझर्व्हड धरून चारही जागा भरलेल्या असतात. या टूलला एक्स्टेंडेड चालत नाही आणि प्रायमरी पण तीनपेक्षा जास्त चालत नाहीत, त्यामुळे व्हॅलिडेशन फेल होतं आणि लोक समजतात टूलच भंगार आहे. एक्स्टेंडेडच्या आतल्या सगळ्या ड्राइव्हमधला डेटा दुसरीकडे हलवून ते ड्राइव्ह आणि एक्स्टेंडेड पार्टिशन काढलं, किंवा चारही प्रायमरी असतील तर त्यातलं एक रिकामं करून काढलं, की तेच टूल निमूटपणे काम करतं. कन्व्हर्ट झाल्यावर रीस्टार्ट, बायोसमध्ये सीएसएम बंद, आणि बूट यादीत आता "विंडोज बूट मॅनेजर" अशा नावाची नोंद दिसली पाहिजे. अजून एक गोष्ट, ग्राफिक्स कार्ड खूप जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही, कारण त्या कार्डात यूईएफआयसाठीचा भाग नसतो. तो दोष डिस्कचा नाही, कार्ड काढून बोर्डावरचा डिस्प्ले लावून बघा.

हे दोन पद्धतींचं लफडं आलंच का? कारण साइज. बँकेच्या जुन्या फॉर्मवर खाते नंबरसाठी जितके चौकोन छापलेत तितकेच आकडे लिहिता येतात, नंबर लांब झाला की फॉर्मच बदलावा लागतो, तसं हे प्रत्येक काही वर्षांनी होत आलंय. आधी १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर एवढंच सांगता यायचं, म्हणजे ५०४ एमबीला सगळं संपायचं. मग ८.४ जीबी. मग साधारण ३३.८ जीबीला काही बायोस अशा होत्या की मोठी डिस्क लावली तर डिस्क ओळखतानाच मशीन हँग व्हायचं, म्हणून त्या काळच्या हार्डडिस्कवर एक जंपर यायचा, तो लावला की ४० जीबीची डिस्क "मी ३२ जीबीची आहे" असं खोटं सांगायची आणि बायोस सुखाने पुढे जायची. मग २८ बिटच्या पत्त्यामुळे १३७ जीबीची भिंत, ती ४८ बिटने सुटली. आणि एमबीआरमध्ये पत्ता ३२ बिटचा, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार केला की २ टेराबाइट, त्याच्या पलीकडे लिहायला जागाच नाही. ३ टीबीची डिस्क लावल्यावर ७४६ जीबी दिसते अशी तक्रार अजूनही ऐकू येते, ती याच घराण्यातली, वाटेत कुठला तरी जुना ड्रायव्हर किंवा यूएसबी कन्व्हर्टर ३२ बिटवाला असतो, मोजणी २ टीबीला पोचली की परत शून्यापासून सुरू होते आणि उरलेलं तेवढं दिसतं. अशा डिस्कवर काही लिहू नका, आधीचा डेटा तुडवला जाऊ शकतो.

आता एसएसडी क्लोन करणारे. जुन्या हार्डडिस्कवरून नवीन एसएसडीवर क्लोन केलं, सॉफ्टवेअरने शंभर टक्के सक्सेस दाखवलं, आणि एसएसडी बूट होत नाही. बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह कॉपी केलेला असतो आणि शेजारचं ते १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन "एवढंसं काय करायचंय" म्हणून सोडलेलं असतं, जे खरं तर बोर्डाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. क्लोन करायचं तर अख्खी डिस्क क्लोन करायची. दुसरं म्हणजे क्लोन झाल्यावर पहिला बूट जुनी डिस्क काढूनच करायचा, कारण दोन्ही डिस्कची आतली ओळख हुबेहूब एकच असते, दोन्ही लावून ठेवल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून टाकतं, आणि बोर्ड कुठल्या डिस्कवरून सुरू झाला ते तुम्हाला कळत पण नाही, कळतं ते महिन्याभराने जुनी डिस्क काढल्यावर.

ईएफआय पार्टिशन राहूनच गेलं असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, रिपेअर मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टने एसएसडीवर १०० एमबीची जागा काढून फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन करा, त्याला एस असं अक्षर द्या, आणि मग बीसीडीबूट ही कमांड, पुढे विंडोज फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस कोलन, मग स्लॅश एफ आणि यूईएफआय. ती बूटच्या फाइल्स परत लिहून देते. एक सांभाळा, पेनड्राइव्हवरून आल्यावर तुमचा सी कधीकधी डी किंवा ई झालेला असतो, त्यामुळे आधी डीआयआर करून विंडोज फोल्डर कुठल्या अक्षरात आहे ते बघा. व्हिडिओत सगळे जे सांगतात ना, बूटरेक फिक्सएमबीआर आणि बूटरेक फिक्सबूट, ते यूईएफआयवाल्या मशीनला उपयोगाचं नाही. पहिली कमांड पहिल्या सेक्टरातला प्रोग्राम दुरुस्त करते जो यूईएफआय वाचतच नाही, आणि दुसरीला बऱ्याचदा "ॲक्सेस इज डिनाइड" येतं, मग लोक त्या एररवर उपाय शोधत बसतात. मूळ आजार राहतो बाजूला.

यूईएफआयची अजून एक खोड आहे. बूटची नोंद डिस्कवर नसते, ती बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत असते, त्यात कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनमधली कुठली फाइल हे लिहिलेलं असतं. म्हणून चालती डिस्क एका मशीनमधून काढून दुसऱ्यात लावली की नवीन बोर्डाकडे तिची नोंदच नसते. अशा वेळी बोर्डाने ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ नावाची फाइल शोधावी असं ठरलेलं आहे, पण सगळे बोर्ड ठरल्याप्रमाणे वागतात असं नाही. २०१२ मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेटने लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी मध्ये शोधून काढलं होतं की ते फर्मवेअर नोंदीचं नाव वाचायचं, आणि नाव "विंडोज बूट मॅनेजर" किंवा "रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स" असेल तरच बूट करायचं. बाकी फाइल बरोबर, पार्टिशन बरोबर, नाव वेगळं म्हणून नाही. असले नमुने बघितले की कळतं, लिनक्स टाकणारे एवढे वैतागलेले का असतात.

एनव्हीएमईकडे, म्हणजे वेगवान पीसीआयई लाइनवर चालणाऱ्या एसएसडीकडे येऊ, इथे पैसे वाया जातात. एम डॉट टू हा फक्त कनेक्टरचा आकार आहे, त्याच आकारात साटा (हार्डडिस्कची नेहमीची जोडणी) एसएसडी पण येते आणि एनव्हीएमई पण, आणि बऱ्याच लॅपटॉपचा स्लॉट दोन्हीपैकी एकच घेतो. दुसरी लावली की व्यवस्थित बसते, स्क्रू पण लागतो, आणि दिसत मात्र नाही. डेस्कटॉपच्या बोर्डात उलटी गंमत, एम डॉट टू मध्ये कार्ड लावलं की साटाचे एकदोन पोर्ट बंद होतात, कारण आतली लाइन शेअर केलेली असते, मग जुनी हार्डडिस्क अचानक गायब. मॅन्युअलमध्ये ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन काहीही घेण्याआधी आपल्या मॉडेलचं ते पान वाचा, पाच मिनिटं लागतात.

आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप असेल, ज्यात एम डॉट टू नाहीच, आणि तुम्ही पीसीआयई ॲडॉप्टर घेऊन एनव्हीएमई लावली, तर होणारा प्रकार एकदम फसवा असतो. विंडोजच्या सेटअपला डिस्क दिसते, इन्स्टॉल पूर्ण होतं, आणि रीस्टार्ट केल्यावर बोर्ड म्हणतो डिस्क नाही. कारण विंडोजकडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर आहे, त्या बोर्डाच्या फर्मवेअरकडे नाही. बायोस अपडेटने कधीकधी तो येतो, आधी तेच बघा. लोक सुचवतात की बूटच्या फाइल्स जुन्या साटा डिस्कवर ठेवा आणि विंडोज एनव्हीएमईवर, पण विंडोजला एवढ्याने भागत नाही, कारण त्याचा बूट मॅनेजर कर्नल उचलताना अजून बोर्डाच्या फर्मवेअरच्याच जिवावर असतो आणि त्या फर्मवेअरला ती डिस्क दिसत नाही. मग पेनड्राइव्हवर क्लोव्हरसारखा लोडर ठेवून त्यातून एनव्हीएमईचा ड्रायव्हर आधी चढवावा लागतो. लिनक्समध्ये मात्र हीच युक्ती चालते, कर्नल आणि त्याची सोबतची इनिटरामएफएस फाइल (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली) साटावर ठेवली की कर्नल उठल्यावर स्वतःच्या ड्रायव्हरने एनव्हीएमई शोधतो.

आता निळी स्क्रीन. "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" आलं आणि त्याआधी कोणी डिस्क बदलली नव्हती, तर माझा पहिला संशय बोर्डावरच्या त्या गोल सेलवर, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात सुद्धा मिळतो. तो संपला की बायोसची सेटिंग फॅक्टरीवर जातात. गणपतीला गावी गेलात, आठवडाभर मेन स्विच बंद, परत येऊन चालू केलं तर तारीख कुठल्या तरी भलत्याच वर्षाची आणि त्याबरोबर साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते सेटिंग, एएचसीआयवरून आयडीई किंवा रेडवर गेलेला. विंडोज टाकताना जो मोड होता त्याचा ड्रायव्हर विंडोजने सुरुवातीला चढवायच्या यादीत ठेवलेला असतो, बाकीचे यादीतून काढलेले, त्यामुळे मोड बदलला की कर्नल उठतो आणि त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. मोड परत पहिल्यासारखा करा, सेल बदला, झालं काम. यासाठी फॉरमॅट मारून पैसे घेतलेले मी बघितलेत, राग येतो.

मोड मुद्दाम बदलायचा असेल, म्हणजे रेडवरून एएचसीआयवर, तर विंडोज चालू असतानाच बीसीडीएडिट या कमांडने पुढचा बूट सेफ मोडमध्ये होईल असं लावा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे सगळे मूळ ड्रायव्हर चढवून बघतं आणि बरोबरचा यादीत घेतं, मग सेफ मोडची नोंद काढून नॉर्मल रीस्टार्ट. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये याच जातीचं व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, ते चालू असलं की पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी दिसते, आणि लोक नवीन लॅपटॉपची एसएसडी खराब म्हणून कंपनीत फोन लावतात. एक तर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून "लोड ड्रायव्हर" करा, नाहीतर व्हीएमडी बंद करा, पण आधीपासून विंडोज टाकलेलं असेल तर नुसतं बंद करू नका, परत तीच निळी स्क्रीन.

काही प्रकार कमी येतात पण आले की डोकं खातात. बाहेरच्या यूएसबी बॉक्समधली डिस्क काढून आत लावली आणि ती रिकामी दिसतेय, तर काही बॉक्स डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून सांगतात, बॉक्सशिवाय तो हिशोब जुळत नाही, डेटा जागेवरच असतो, परत बॉक्समध्ये घाला आणि आधी कॉपी करा. खरोखरचे ४०९६ चे सेक्टर असलेल्या डिस्कवरून बूट करायचं तर यूईएफआयच लागतं, जुन्या पद्धतीने होत नाही, आणि तिथे ईएफआय पार्टिशन पण १०० एमबीचं पुरत नाही, मायक्रोसॉफ्ट २६० एमबी सांगते. बॉक्समधून काढलेली काही डिस्क तर फिरतच नाही, साटाच्या पॉवर कनेक्टरमधल्या तिसऱ्या पिनचा अर्थ २०१६ मध्ये बदलला, तिथे ३.३ व्होल्ट आले की नवीन डिस्क त्याला "बंद राहा" असं समजते, आणि जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतच असतात. त्या पिनवर उष्णता सहन करणारी टेप लावतात, किंवा मोलेक्सवरून साटा करणारी चांगली केबल वापरतात ज्यात ३.३ ची तारच नसते. आणि फार जुना व्हीआयए चिपसेटचा बोर्ड असेल, व्हीटी८२३७ वगैरे, तर त्याला ३ गिगाबिटची साटा डिस्क ओळखताच येत नाही, डिस्कवर १.५ चा जंपर लावला की दिसायला लागते.

डिस्कच्या आतल्या फर्मवेअरचे घोटाळे वेगळेच. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या डिस्क एका सकाळी बायोसमध्ये दिसेनाशा व्हायच्या, प्लॅटर (आतल्या फिरणाऱ्या चकत्या) ठीक, मोटर ठीक, फक्त आतल्या लॉगच्या नोंदी एका ठरावीक आकड्यावर असताना पॉवर ऑन झाली की फर्मवेअर अडकायचं. डेटा सगळा आत शाबूत. क्रुशियलच्या एम४ एसएसडी ५,१८४ तास चालल्यावर दर तासाला गळपटायच्या, २०१२ मध्ये त्याचं फर्मवेअर आलं. आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने त्यांच्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल कळवलं की ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, त्या कायमच्या बंद पडतील आणि डेटा पण जाईल, म्हणून त्याआधी अपडेट करा. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, उणे आकडेही धरणाऱ्या १६ बिटच्या मोजणीत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढचा. यात भयंकर भाग असा की सर्व्हरमध्ये सगळ्या डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या असतात, त्यामुळे रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी जोडणी) असूनही एकाच दिवशी सगळ्या जाणार. म्हणून डिस्क बोर्डाला अजिबात दिसत नसेल तर तिच्या मॉडेलचं आणि फर्मवेअर आवृत्तीचं नाव लेबलवरून घेऊन कंपनीच्या साइटवर शोधा, तुमच्या आधी हजारोंना तेच झालेलं असू शकतं.

फर्मवेअर अपडेट, डिस्कचं असो की बोर्डाचं, मधे तुटलं तर खेळ खलास. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर पण लावलेला, डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय नाही, पावसाळ्यात तर नाहीच नाही. बिटलॉकर आधी सस्पेंड करा. आणि अपडेटनंतर बरेच बोर्ड सगळी सेटिंग फॅक्टरीवर नेतात, म्हणजे साटा मोड, सीएसएम, बूटचा क्रम सगळं परत तपासायचं, सुरुवातीला काढलेले ते फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

यातलं काहीही करायच्या आधी एक मात्र बघा, हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल आणि तिच्यातून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल, किंवा फिरायला लागून लगेच थांबत असेल, तर हा फर्मवेअर-सेटिंगचा प्रकार नाही. परत परत बटण दाबून बघू नका, पॉवर काढा, आणि आतला डेटा महत्त्वाचा असेल तर पार्टिशन टूल वगैरे न चालवता थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.